कागदावरचे दाजी

अ‍ॅडलेड,
११ जानेवारी २०२५

प्रेमराज,

तुझे दोन मेल येऊन पडलेत, उत्तर द्यायचं राहिलं. शनिवार-रविवार गोदामात शिफ्ट, उरलेले दिवस नोकरीचे अर्ज. फोन केला तर तू उचलत नाहीस. बोलताना तुला शब्द सापडत नाहीत, ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहितोय.

माझं मास्टर्स संपलं. शिकून झालेल्यांना इथे तात्पुरता कामाचा व्हिसा मिळतो, मला दोन वर्षांचा मिळेल. तेवढ्यात एखाद्या कंपनीत पाय रोवला की पुढचं जमतं. माझा विद्यार्थी व्हिसा १५ मार्चला संपतो, त्याआधी अर्ज जायला हवा. माझे सगळे कागद तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहेत. जन्मदाखला, मार्कशीट, जुन्या पासपोर्टची पानं, आणि विद्यार्थी व्हिसाचा तू भरलेला फॉर्म. सगळं एकत्र पाठव.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या बहिणीचं, दीपमालाचं. मी पंधरा वेळा लिहायला घेतलं आणि खोडलं. आपण जे केलं ते तिला इकडे आणता यावं म्हणून केलेलं कागदी काम होतं. जळगावला त्या विवाह नोंदणी कचेरीत दहा मिनिटं उभे राहिलो, सह्या केल्या आणि बाहेर येऊन शेवभाजी खाल्ली. ना हळद लागली, ना मंगलाष्टकं झाली. ती एक दिवसही पिंपळनेरला आमच्या घरी राहायला आली नाही. आमच्याकडे याला कोणी लग्न म्हणत नाही, आमचे वडील, आबा, तेही म्हणत नाहीत. इथे आपल्या धुळ्याकडचंच एक कुटुंब आहे, पंधरा वर्षांपासून. त्यांच्या डिंपलसाठी विचारणा झाली आहे. त्यांना माझे कागद स्वच्छ दिसायला हवेत. म्हणून नव्या फॉर्ममध्ये मी 'अविवाहित' लिहितोय. जुन्या फॉर्ममध्ये काही वेगळं नाही ना, एवढं बघून सांग.

आणि मला दाजी लिहू नकोस आता. बरं दिसत नाही.

चंदन

•

भडगाव,
१३ जानेवारी २०२५

चंदन दाजी यांस,

सवय लगेच जात नाही, राग मानू नये.

मागितलेले कागद सोबत जोडले आहेत. एकूण अकरा फाइली आहेत. प्रत्येक फाइल उघडून पाहिली आहे, जन्मदाखल्याचा शिक्का पुसट होता म्हणून तो परत स्कॅन केला. अकरावी फाइल म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा फॉर्म, चौतीस पानं. तुम्ही मला त्यात बघून सांग म्हणालात. फॉर्म तुमच्या नावाचा आहे, शेवटी सही तुमची आहे, म्हणून तुम्हीच एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घ्यावा. माझ्या वाचण्यावर विसंबू नका. मी बारावी नापास माणूस, इंग्रजी शब्दकोश घेऊन वाचतो.

अक्काबद्दल लिहिलंत ते वाचलं. ती सध्या धुळ्याला आहे, एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली आहे. तिने नंबर बदलला. नानांना आणि आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगण्याची घाई करणार नाही.

थंडी बरी आहे. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे.

प्रेमराज

•

अ‍ॅडलेड,
१९ जानेवारी २०२५

प्रेमराज,

काम फत्ते. काल रात्रपाळीवरून आलो आणि एका बैठकीत अर्ज भरून टाकला. चौतीस पानं कोण वाचत बसतो. तू भरलेला फॉर्म म्हणजे अक्षर इकडचं तिकडे नसणार. त्या वेळीसुद्धा तू म्हणालास इथे सही करा, मी केली. तू वाच म्हणालास म्हणजे तुला काही खटकलं असतं तर तू सांगितलंच असतंस.

निकाल येईपर्यंत इथे राहायला आणि काम करायला परवानगी असते. सहा-सात महिने लागतील.

तू समजून घेतलंस हे बरं झालं. मला वाटलं होतं तू भांडशील. दीपमालाला चांगलं स्थळ मिळेल, माझ्याही कानावर एखादं आलं तर कळवीन.

चंदन

•

अ‍ॅडलेड,
११ जून २०२५

प्रेमराज,

काल व्हिसावाल्यांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलंय की २०२३ च्या अर्जात तुम्ही विवाहित असल्याचं सांगितलं, पत्नीचं नाव दीपमाला, विवाहाची तारीख ५ डिसेंबर २०२२, नोंदणीचा दाखला जोडला. आता म्हणता कधीच लग्न झालं नाही. यातलं खोटं कोणतं? उत्तराला अठ्ठावीस दिवस. ८ जुलै शेवटची. उत्तर पटलं नाही तर व्हिसा नाही, आणि तीन वर्षं पुन्हा अर्जही नाही.

मी आत्ता ती अकरावी फाइल उघडली. पान नऊ. तू तिथे सगळं लिहून ठेवलंयस. आधी नवऱ्याच्या फॉर्मवर नाव असेल तरच बायकोला मागून येता येतं, असं एजंट तेव्हा म्हणाला होता, ते आत्ता आठवतंय. तुला जानेवारीत आठवलं नाही?

जाऊ दे. भांडायला वेळ नाही. इथला वकील म्हणतो, एकच रस्ता आहे. कबूल करायचं की कायद्याने लग्न झालंय, पण दोघं कधी एकत्र राहिलो नाही, दोघांच्या मर्जीने वेगळे होतोय, गैरसमजातून चुकीची खूण झाली. त्याला दीपमालाच्या सहीचा जबाब लागेल. तिने लिहून दिलं तर कदाचित ऐकतील. बदल्यात तिला जे हवं असेल ते मी आधीच देतोय. संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज सही करून, वकिलातीचा शिक्का मारून, आज तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर कुरिअर केला. कोर्टात माझ्या वतीने उभं राहायला आमच्या तोताराम मामांच्या नावे मुखत्यारपत्रही आहे. तिने सही करून दाखल करायचं, बस. ती मोकळी, मी मोकळा.

आबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना कळू देऊ नकोस. दीपमालाचा दवाखाना कोणता तेही मला माहीत नाही, त्यामुळे सगळं तुझ्याच हातात आहे.

चंदन

•

भडगाव,
२१ जून २०२५

चंदन दाजी यांस,

पाकीट काल मिळालं. सात पानं आहेत, प्रत्येक पानावर सही आहे, शिक्के स्पष्ट आहेत, मुखत्यारपत्रावर फोटो नीट चिकटवलेला आहे. काळजी नसावी.

जबाबाचं म्हणाल तर हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मी स्वतः धुळ्याला जाऊन अक्काशी बोलेन. इथे पीकविम्याच्या फॉर्मची गर्दी आहे, सकाळी सातपासून रांग लागते, दुकान सोडता येत नाही. शिवाय तिच्या मनाची तयारी करावी लागेल. थोडा धीर धरावा.

आपला
प्रेमराज

•

धुळे,
२३ जून २०२५

प्रेमू,

बेबाबाई मावशी उद्या भडगावला येते आहे, तिच्या हाती हे देते. फोनवर तू हो-हो करतोस आणि मला काही कळत नाही, म्हणून लिहिलं.

सरकारी दवाखान्यात लॅबच्या जागा निघाल्यात. परवा फॉर्म भरायला बसले. सगळं भरलं आणि वैवाहिक स्थितीपाशी अडले. विवाहित लिहिलं तर नवऱ्याचं नाव, पत्ता, राहण्याचा पुरावा. अविवाहित लिहिलं तर ते खोटं, आणि नोंदणी तर सरकारदरबारी आहे. अर्धा तास पडद्याकडे बघत बसले आणि बंद केलं. तू दिवसभर लोकांचे फॉर्म भरतोस, सांग, मी कोणती खूण करू?

इथे एका वकीलबाईंना भेटले. सुमनबाई त्यांचं नाव, कोर्टामागे बसतात. त्या म्हणाल्या, त्याची संमती असेल तर सहा महिन्यांत सुटशील. नसेल तर चार-पाच वर्षं धर. प्रेमू, मला त्याच्याशी भांडायचं नाही. त्याने यावं असंही नाही. मला दोन वर्षं कोणी विचारलंच नाही की तुला तो हवा आहे का. नको आहे. मला फक्त सुटायचं आहे.

तुझा त्याच्याशी पत्रव्यवहार आहे. त्याला विचार, संमती देतोस का. एवढं एक काम कर माझं. फॉर्मची मुदत ३१ जुलै आहे, त्याआधी निदान अर्ज दाखल झाल्याचा कागद हातात असला तर बरं.

आईला सांग, गोधडी मिळाली.

अक्का

•

भडगाव,
२५ जून २०२५

अक्का,

तुझं पत्र मावशीने दिलं. तीन वेळा वाचलं.

चंदनला मी विचारलं होतं. त्याचं काही उत्तर नाही. तो असाच माणूस आहे. तू त्या फॉर्मवर सध्या काही खूण करू नकोस. वाट बघ. सगळं नीट होईल, माझ्या लक्षात आहे सगळं.

नाना बरे आहेत. पाऊस अजून पाहिजे तसा नाही. गिरणा नदीला पाणी सुटलंय.

प्रेमू

•

अ‍ॅडलेड,
३ जुलै २०२५

प्रेमराज,

पाच दिवस उरले. तुझ्या २१ जूनच्या पत्रानंतर सहा मेल केले, तुझं एक उत्तर नाही. ती सही करत नसेल तर मला तिचा नंबर दे, मी तिच्या पाया पडतो. काय हवंय तिला? काय हवंय तुला? कृपा करून लिही.

चंदन

•

भडगाव,
९ जुलै २०२५

दाजी,

काल तुमची मुदत संपली. म्हणून आज सविस्तर लिहितो. माझं लिखाण तुम्हाला कधी लांबलचक वाटतं, पण या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा.

मी अक्काला काही विचारलेलं नाही. विचारणार नव्हतोच. तुमचं पाकीट टेबलाच्या खणात आहे, किल्ली माझ्या करगोट्याला आहे. जानेवारीत मला पान नऊ आठवत होतं. मीच ते भरलं, मला चौतीसच्या चौतीस पानं पाठ आहेत. मी तुम्हाला वाचा म्हणालो. तुम्ही वाचलं नाही. तुम्ही आयुष्यात सही केलेला एक कागद वाचलेला नाही, यावर मी विसंबलो आणि चुकलो नाही.

तुम्ही म्हणता, दहा मिनिटं कचेरीत उभे राहिलो. ती दहा मिनिटं आमच्या घरात अडीच वर्षं चालू आहेत. अक्षय्यतृतीयेला, आखाजीला, गावातल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, निंबाच्या झाडाला झोके बांधले. अक्का धुळ्याहून आली होती, झोक्यापाशी गेली. मोठ्या चुलत्यांची सून हसत म्हणाली, "माय, तू सासरथीन उनी का माहेरमाच शे?" सासरहून आली की माहेरीच आहे, यावर सगळ्या हसल्या. तिला वाईट वाटावं म्हणून कोणी बोललं नव्हतं. अक्काही हसली. मग घरी येऊन कणीक मळत बसली, एवढी कणीक की दोन दिवस पुरली. नवरात्रात कुमारिकांच्या पंगतीत तिचं पान नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. बसस्टँडवर झुलाल चहावाला मला रोज विचारतो, "काय रे प्रेमराज, तुना दाजी कागदवरच शे का?" मी रोज त्याच्याकडेच चहा पितो. एकदाही दुसरीकडे गेलो नाही. मला ते विसरायचं नव्हतं.

नोंदणी आधी करून घेऊ, हळद मागून लावू, हे मी सुचवलं होतं. फॉर्म मी भरले, तारीख मी घेतली, साक्षीदारात पहिली सही माझी. तेव्हापासून रात्री मला पोटभर झोप नाही. तुम्हाला आता कळेल, कागदावरचं लग्न म्हणजे काय. तुमच्या गावात त्याला लग्न म्हणत नसतील. तिकडे म्हणतात. भारताच्या कायद्यातही म्हणतात. तुम्ही माझ्या बहिणीचे कायद्याने नवरे आहात आणि राहाल. डिंपलच्या घरच्यांना नोंदणीच्या दाखल्याची एक प्रत आज पाठवली आहे, पत्ता तुम्ही फेसबुकवर टाकलेल्या फोटोखाली मिळाला.

आता परत या. विमानतळावर न्यायला मी येईन.

प्रेमराज

•

अ‍ॅडलेड,
३० ऑगस्ट २०२५

नाकारला. तीन वर्षांची बंदी. अपील करता येतं, पण ते चालायला वर्षं जातील आणि तोवर वकिलाच्या मागे फिरायची ताकद माझ्यात नाही. डिंपलकडचे फोन उचलत नाहीत. आबांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, घरी ये, मी बघतो.

तुझं ९ जुलैचं पत्र मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आता मला तेही पाठ आहे.

चंदन

•

भडगाव,
२७ ऑक्टोबर २०२५

चंदन दाजी यांस,

तुम्ही पिंपळनेरला पोहोचल्याचं कळलं. प्रवासाने प्रकृती ठीक असेल.

काल मोतीलाल आबा आणि तोताराम मामा आमच्याकडे येऊन गेले. न सांगता आले. आबा ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि नानांना म्हणाले, "पोऱ्या घर यी गया. कागदवर लगन व्हयेलच शे. आते हळद लाई देऊत, बठ्ठं मिटी जाई." नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी आबांचे पाय धरले. मी नानांना कोणाचे पाय धरताना कधी पाहिलं नव्हतं. आईने लगेच पुरणाच्या मांड्यांसाठी मातीचं खापर काढायला सांगितलं. ९ नोव्हेंबरला आमच्याकडे बैठक, २३ तारखेला हळद, २४ ला लग्न. मी मधे बोलायचा प्रयत्न केला की अक्काला विचारू. तोताराम मामा म्हणाले, "तूच ना रे सांगस व्हता, कायदानं बायको शे म्हणीसन? मंग आते कसानी पंचाईत शे?" सगळे हसले. माझं ९ जुलैचं पत्र आबांनी आणि मामांनी वाचलेलं होतं.

नानांनी अक्काला फोन लावला. ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी जे केलं ते तुम्हाला शिक्षा व्हावी म्हणून केलं. तुम्ही परत आल्यावर काय होईल एवढा पुढचा विचार मी केला नाही. मी प्रत्येक कागद दोनदा तपासतो आणि हे एक तपासलं नाही. आता तुम्हीच नाही म्हणा. मुलानेच नकार दिला तर बैठक मोडेल, बोल माझ्यावर येऊ द्या. तुमचे सात पानांचे कागद माझ्याकडे जसेच्या तसे आहेत, ते मी आजच्या आज अक्काला देतो. तुम्ही फक्त संमतीवर कायम राहा. मी तुमची माफी मागतो. भडगावच्या चौकात मागायला सांगितलीत तरी मागतो.

आपला
प्रेमराज

•

पिंपळनेर,
२९ ऑक्टोबर २०२५

प्रेमराज,

तुझं पत्र कांद्याच्या रोपांना पाणी देताना वाचलं. सध्या हेच काम आहे मला. मास्टर्स झालेला माणूस पाण्याची बारी धरतो, गाव बांधावर उभं राहून बघतं.

मी नाही म्हणणार नाही. का म्हणू? तू लिहिलंस की मी तुझ्या बहिणीचा कायद्याने नवरा आहे आणि राहीन. लिहिलेलं खोटं ठरवायचं नसतं, ते मी चांगलं शिकलोय. ती सात पानं फाडून टाक. मी माझी संमती मागे घेतली, तसं वकिलाकडून लिहूनही ठेवलंय.

मला ती आवडत होती असं समजू नकोस आणि नावडती आहे असंही नाही. मी तिला ओळखतच नाही. पण ती या घरात येईल. सकाळी आमच्या आईबरोबर उठेल, कांदे निवडेल, धुण्याचा ढीग उपसेल. लॅबची नोकरी पिंपळनेरहून रोज जमणार नाही, ती सोडावी लागेल. आणि ती मला कधी विचारेल की तुम्ही परत का आलात. तेव्हा मी सांगणार नाही. मी म्हणेन, तुझ्या भावाला विचार. दर राखीला, दर आखाजीला तू तिच्यासमोर बसशील आणि दर वेळी तुला वाटेल, आज विचारते की काय.

विमानतळावर न्यायला येणार होतास. आला नाहीस. हळदीला ये.

तुझा दाजी,
चंदन

•

भडगाव,
३१ ऑक्टोबर २०२५

अक्का,

सोबत मोठं पाकीट आहे. त्यात चंदनची आणि माझी जानेवारीपासूनची सगळी पत्रं छापून तारखेप्रमाणे लावली आहेत. खाली त्याचा संमतीचा अर्ज, सात पानं. ती सात पानं माझ्याकडे २० जूनला आली. तुझं पत्र मला २४ जूनला मिळालं. २५ तारखेला मी तुला लिहिलं की त्याचं उत्तर नाही. तेव्हा ती माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात होती.

मी तुला कारण सांगत बसणार नाही. मला वाटत होतं मी तुझ्यासाठी करतोय. तुझं पत्र तीन वेळा वाचलं असं मी लिहिलं होतं, ते खरं आहे. तू सुटायचं आहे असं लिहिलं होतंस, तेही मी तीन वेळा वाचलं, आणि तरी मला त्याची मुदत संपायला तेरा दिवस आहेत एवढंच दिसत होतं.

त्याची संमती आता उपयोगाची नाही. पण त्याच्या पत्रांचा उपयोग होईल. पहिल्यात त्याने लिहिलंय की हे लग्नच नव्हे, आणि दुसरीकडे सोयरीक बघतोय. शेवटच्यात लिहिलंय की तुला का नेतोय. सुमनबाईंना दाखव. माझी पत्रं काढून टाकू नकोस, ती नसतील तर त्याच्या पत्रांचा अर्थ लागत नाही. त्यात मी वाईट दिसतो, ते तसंच राहू दे.

तू म्हणशील ते करीन. दुकान बंद कर म्हणालीस तर करीन. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

प्रेमू

•

धुळे,
४ नोव्हेंबर २०२५

प्रेमराज,

पाकीट मिळालं. ड्युटी संपल्यावर लॅबच्या मागच्या बाकावर बसून वाचलं. सुमनबाईंनीही वाचलं. त्या म्हणाल्या, वेळ लागेल पण होईल. दावा गुरुवारी दाखल होतोय. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव तुझं आहे.

सरकारी जागेची मुदत जुलैमध्येच गेली. पुढची जाहिरात कधी ते कोणाला माहीत नाही.

तुम्ही दोघं वर्षभर एकमेकांना माझ्याबद्दल लिहीत होता. त्याने मला कागद म्हटलं, ते मला समजतं, तो परका होता. तू आखाजीचा झोका आणि ती कणीक त्याला लिहिलीस. ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तू दारातून बघितलं होतंस. माझं ते दुःख तू माझी परवानगी न घेता त्याच्या अंगावर फेकायला वापरलंस. आता ते आबांनी वाचलंय, तोताराम मामांनी वाचलंय.

तू लिहिलंस, म्हणशील ते करीन. सांगते.

रविवारी बैठक आहे. मी सकाळच्या गाडीने येते. नाना, आई, आबा, मामा, चंदन, चुलते, सगळे असतील. हळदीचा विषय निघण्याआधी तू उभा राहायचं आणि ही पत्रं वाचून दाखवायची. त्याचीही आणि तुझीही, तारखेप्रमाणे, तू लावली आहेस तशी. माझं २३ जूनचं पत्र आणि त्यावर तू मला दिलेलं २५ जूनचं उत्तर तुझ्या गठ्ठ्यात नव्हतं. माझ्या पत्राचा खर्डा मी ठेवला होता; दोन्हीच्या नकला मी सोबत जोडल्या आहेत, त्या त्यांच्या जागी लाव. फोनवर तुला शब्द सापडत नाहीत, पण हे सगळे शब्द तुझेच आहेत, शोधावे लागणार नाहीत.

नाना मधे थांब म्हणतील. थांबायचं नाही. आई रडेल, तिच्याकडे बघायचं नाही. दुसरी प्रत माझ्या मांडीवर असेल आणि मी ओळीवर बोट ठेवून बसेन. एक ओळ गाळलीस तर मी तुला परत पहिल्या पानावर नेईन.

दीपमाला